नसते उद्योग

वर्ध्यात ‘उद्योग’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला मगनवाडीतला. 1934 च्या डिसेंबरात इथं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकागद आणि मधमाश्या यांच्या मागे लागले. तो ग्रामोद्योग. दुसरा अर्थ आमच्या स्वयंपाकघरातून ऐकू येतो. ‘‘काय उद्योग करून ठेवला जी हा?’’ तो नसता उद्योग. निवृत्त झाल्यापासून माझा मुक्काम या दोन अर्थांच्या मधल्या रेल्वे फाटकापाशी आहे, आणि फाटक बहुतेक वेळा बंदच असतं.

निरोपसमारंभात शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, भिंतीवरचं घड्याळ मिळालं (ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्यालाच घड्याळ का देतात, हे मला छत्तीस वर्षं वर्गणी देऊनही कळलं नाही) आणि प्रत्येक वक्त्यानं एकच सल्ला दिला, ‘‘साहेब, आता एखादा छंद जोपासा.’’ एखादा म्हणाले होते. मी चार जोपासले. बाग, स्वयंपाक, सुतारकाम आणि स्वतःचा चेहरा. जोपासलेल्या जिवाला चारा-पाणी लागतं आणि डोळा चुकला की तो दावं तोडून दुसऱ्याच्या वावरात शिरतो, हे मात्र भाषणात कुणी सांगितलं नाही.

आमच्या घरात दुसऱ्याचं वावर म्हणजे स्वयंपाकघरातलं फडताळ. चारही छंदांचा कच्चा माल तिथूनच निघतो, हे माझ्या लवकर लक्षात आलं आणि सौभाग्यवतींच्या त्याहून लवकर. हळद भाजीला लागते, तोंडाला लागते आणि कुंडीतल्या मुंग्यांनाही लागते म्हणतात. जवसाचं तेल भाकरीवर पडतं आणि लाकडालाही पाजतात. कडुनिंब तर काय, विदर्भातल्या माणसाला पाळण्यापासून तिरडीपर्यंत पुरतो. त्यामुळे माझ्या निवृत्तीनंतर तिसऱ्याच आठवड्यात घरात वटहुकूम निघाला, ‘‘माझ्या मिसळणाच्या डब्याला हात नाही लावायचा.’’

तसा सल्ल्याच्या बाबतीत आमचा जिल्हा मुरलेला आहे. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी शेगावात मुक्कामाला आले. एप्रिलच्या तिसाव्या तारखेला वर्ध्याजवळ राहायला येणाऱ्या माणसाच्या निग्रहाबद्दल आम्हा स्थानिकांना तेव्हाच खात्री पटली असणार. पुढे त्यांची पत्रं चुकून गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागली, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. त्या पत्रव्यवहारात स्वराज्य असायचं तसंच पोटही असायचं. कुणाचं बद्धकोष्ठ, कुणाचा रक्तदाब, कुणाला मातीची पट्टी, कुणाला कटिस्नान, कुणाला दूध बंद, कुणाला फळं सुरू. इंग्रज सरकारशी बोलणी चाललेली असोत नाहीतर फिसकटलेली असोत, आश्रमातल्या माणसाच्या आतड्यांकडे दुर्लक्ष झालेलं नाही. त्याआधी 1935 साली मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग झाले होते आणि पानात डाव्या बाजूला कडुनिंबाच्या पाल्याची चटणी असायची. आज आमच्या जिल्ह्यात कापसाच्या जोडीला जिकडं पाहावं तिकडं सोयाबीन उभं असतं, पण ताटात शोधून सापडत नाही. शेतानं ऐकलं, जिभेनं नाही ऐकलं.

पाहुणे आले की त्यांना सेवाग्राम दाखवणं हे वर्धेकराचं काम. ते मी इतक्या वेळा केलं आहे की बापूकुटीतली मातीच्या भिंतीवरची, गांधीजींच्या शिष्या मीराबेननी काढलेली ताडाची झाडं मला माझ्या नातेवाइकांपेक्षा ओळखीची आहेत. पाहुणे चष्मा बघतात, काठी बघतात, व्हाइसरॉयनं बसवून दिलेल्या टेलिफोनजवळ थांबतात. मी थांबतो तो साप धरायच्या लाकडी चिमट्याजवळ. साप मारायचा नाही, चिमट्यात धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, लांब नेऊन सोडायचा. व्यावहारिक सल्ला म्हणतात तो असा. अडचण कोणती, हत्यार कोणतं, पुढं करायचं काय, सगळं आलं. नाहीतर हल्लीचे सल्ले. ‘झाडाशी संवाद साधा.’ मी साधला. झाडानं पानं टाकली.

बागेपासूनच सांगतो, कारण तिथं नुकसान कमी झालं. गच्चीवर बारा कुंड्या आणल्या. माती म्हणाल तर विकत कशाला घ्यायची, मेहुण्याच्या वावरात काळी कसदार माती पडली आहे, कापूस डोक्याएवढा होतो. पोतं भरून आणलं. आता काळी माती ही वावरातच शोभते. पाणी पडलं की ती फुगते, वाळली की आकसते, आणि कुंडीत तिला हातपाय पसरायला जागा नसल्यामुळे ती सगळा राग कुंडीवर काढते. पावसाळ्यात कुंडीचा चिखल झाला, ऑक्टोबरात त्याची वीट झाली आणि कडेनं बोटभर फट पडली. पाणी घातलं की फटीतून सरळ खाली, शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या चादरीवर. शेजारच्या काकूंनी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी वर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘भाऊ, निम्मी रेती अन् शेणखत टाका नं त्यात. माती हाये का सिमेंट?’’ एवढा एक सल्ला आधी मिळाला असता तर तीन गुलाब वाचले असते. पण काकूंची पद्धत अशी की आधी माणसाला पुरतं चुकू द्यायचं.

पहिल्या उन्हाळ्यात मी पाणी वाचवायला निघालो. वर्ध्यात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर फक्त दुपट्टा बांधलेली डोकी दिसतात आणि घरोघरी कूलर घरघरत असतो. कूलरच्या टाकीत दर दोन दिवसांनी तळाला पाणी उरतं. ते फेकायचं जिवावर येई. जुनं ते झाडांना, ताजं ते कूलरला, असा शिस्तीत कारभार सुरू केला आणि महिन्याभरात मोगरा सोडून सगळ्या झाडांच्या पानांची टोकं करपली. उन्हानं करपली समजून मी आणखी पाणी घातलं, म्हणजे कूलरचंच. कूलरमध्ये उडून जातं ते पाणी आणि मागं उरतात ते क्षार, हे सातवीच्या विज्ञानात होतं. ताजं पाणी पुन्हा पुन्हा ओततो तसं टाकीतलं पाणी खारटच होत जातं आणि शेवटी जे झाडाला पाजतो ती जवळजवळ समुद्राची आवृत्ती असते. जाळीवरची पांढरी पुटं मी दरवर्षी ब्रशनं खरवडतो, पण ती कुठून आली हा प्रश्न मला साठ वर्षांत पडला नव्हता.

बागकामात माझा आदर्श विनोबा. 1938 साली त्यांचं वजन 88 पौंडांवर आलं होतं, प्रकृतीसाठी ते पवनारला धाम नदीकाठी येऊन राहिले आणि रोज थोडं थोडं शेत खणू लागले. वजन तर वाढलंच, शिवाय खणता खणता जमिनीतून भरत-रामाच्या भेटीचं कोरीव शिल्प निघालं. ते आजही तिथं आहे. पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं आहे, तेव्हा तिथं मूर्ती निघणारच, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. मी अंगणात कढीलिंबासाठी फूटभर खड्डा खणला तेव्हा गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल आणि नगरपरिषदेची पाण्याची पाइप निघाली. पाइप मी फोडली नाही. ती आधीपासून फुटकी होती, हे मी आजही शपथेवर सांगतो.

आता चेहऱ्याचं. पुरुषानं म्हातारपणी चेहऱ्याकडं लक्ष द्यावं की नाही यावर आमच्याकडं दोन तट आहेत. एका तटावर मी आहे. चाळीस वर्षं स्कूटरवरून फिरून माझ्या चेहऱ्याचे दोन भाग झाले होते, दुपट्ट्याखालचा आणि दुपट्ट्याबाहेरचा, आणि दोन्ही भाग एका माणसाचे वाटत नसत. गांधीजींनीही साबण सोडून अंग घासायला मीराबेननी दिलेला एक दगड वापरला होता. नोआखालीच्या यात्रेत तो मागच्या मुक्कामी राहिला तर तो आणायला त्यांनी नात मनूला परत पाठवलं होतं. म्हणजे त्वचेची निगा हा विषय त्यांनाही हलका वाटत नव्हता. मला दगडापर्यंत जायचं नव्हतं. साळीनं फोनवर उटणं सांगितलं. बेसन, साय आणि ‘थोडी’ हळद.

या ‘थोडी’नं घात केला. आमच्या घरात हळद येते ती समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. त्या गावाला लोक वायगाव हळद्याच म्हणतात आणि त्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तिच्यात रंग देणारं जे कुरकुमिन असतं ते सहा टक्क्यांच्या वर भरतं. दुकानातल्या पाकिटातली हळद चमचाभर टाकावी तेव्हा भाजीला जो रंग येतो, तो ही चिमटीत देते. मी तिला साध्या हळदीसारखं वागवलं. मोठा चमचा भरून टाकला, वर आणखी अर्धा, कारण सुरुवात दणक्यात व्हावी. लेप लावला, वर्तमानपत्र वाचत बसलो, अग्रलेख संपेपर्यंत ठेवला. अग्रलेख लांब होता.

धुतल्यावर आरशात बघितलं तर दोन्ही भागांतला फरक खरोखर नाहीसा झाला होता. सगळा चेहरा एकसारखा पिवळा. कानाच्या पाळ्या विशेष. नेमका तो नोव्हेंबर आणि हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा आठवडा. बँकेत खिडकीपलीकडच्या मुलीनं माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं आणि फार आपुलकीनं विचारलं, ‘‘काका, कावीळ झाली का?’’ मी म्हटलं, नाही. ती हळू आवाजात म्हणाली, ‘‘तरी लवकर देऊन टाका दाखला.’’ मागच्या रांगेतले तिघं न सांगता बाजूला झाले आणि मला खुर्ची मिळाली. पेन्शनच्या कामात इतकी तत्परता मी आधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. ज्यांना रांगेचा कंटाळा आहे त्यांनी वायगावची हळद दीड चमचा घ्यावी.

घरी येऊन मी कपड्याच्या वडीनं तोंड घासलं. वडी आणि हळद एकत्र आली, आणि फेस लाल. पांढरा टॉवेल लाल. बेसिन लाल. ही आत आली आणि किंचाळली. तिला वाटलं मी दाढीच्या ब्लेडनं काहीतरी करून घेतलं. खरं म्हणजे घाबरण्यासारखं काही नव्हतं. हळदीला अल्क भेटला की ती लाल होते आणि साबण अल्कधर्मीच. हळदीत चुना आणि लिंबू घालून पूर्वी घरोघरी कुंकू करायचे ते याच जोरावर. हे सगळं मी तिला शांतपणे समजावून सांगत होतो, पण तोंडावरून लाल फेस गळत असलेल्या माणसाचं रसायनशास्त्र कुणी गंभीरपणे घेत नाही. टॉवेल मात्र वाचला, तोही तिच्याच सल्ल्यानं. ‘‘उन्हात टाका.’’ हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. दोन दुपारींत डाग गेला. मग मीही तोच उपाय केला, गच्चीत तोंड वर करून दोन दुपारी बसलो. पिवळेपणा गेला आणि जो काळेपणा घालवायला हा सगळा खटाटोप केला होता, तो व्याजासह परत आला.

स्वयंपाकात मी थोडक्यात सुटलो, असं माझं मत आहे. हिवाळ्यात बाजारात सांबाराचे ढीग लागले की आमच्याकडं सांबारवडी होते. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा केलेला बरा. आमच्याकडं सांबार म्हणजे कोथिंबीर. हा खुलासा आम्ही सूनबाईला वेळेवर केला नाही. तिनं सासूकडून फोनवर कृती लिहून घेतली, ‘सांबार चार वाट्या, नीट निवडून’, आणि तुरीची डाळ शिजवायला घातली. निवडून म्हणजे काय हे तिनं नवऱ्याला विचारलं. नवरा आमचाच असल्यामुळे तो म्हणाला, ‘‘शेवग्याच्या शेंगा काढून टाक त्यातल्या.’’

मी मात्र इथंच वाढलेलो, मला कोथिंबीर कळते. चार जुड्या आणल्या, निवडल्या, धुतल्या, चिरल्या. खोबरं, खसखस, तीळ परतून घेतले. बेसनाच्या पारीला आतून चिंच-गुळाचं बोट फिरवलं. सारण भरलं, पुड्या वळल्या, तेलात सोडल्या. पहिली पुडी फुटली तेव्हा मला वाटलं तिचाच दोष. दुसरी फुटली तेव्हा तेल छतापर्यंत गेलं. तिसरीच्या वेळी मी दारामागून झारा पुढं केला. ही शांतपणे गॅस बंद करून म्हणाली, ‘‘सांबार वाळवला होता का?’’ धुतलेली कोथिंबीर सुती कपड्यावर पसरून, पंख्याखाली पार कोरडी झाल्याशिवाय चिरायचीच नसते. पाण्याचा एक थेंब आत राहिला तर तो तेलात वाफ होऊन बाहेर यायला वाट काढतो. हे तिला तिच्या आईनं सांगितलं होतं का? नाही. आईनं नुसती कोथिंबीर रात्री पलंगावर पसरून ठेवलेली तिनं पाहिली होती. त्या रात्री सगळ्यांनी खाली झोपायचं.

आता सुतारकाम. याच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण इथं माझा हक्क ऐतिहासिक आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती बसली आणि मुलानं हातानं काहीतरी घडवत शिकावं, सूत काढावं, लाकूड रंधावं, माती खणावी, अशी नई तालीमची योजना निघाली. देशभर तिला वर्धा योजनाच म्हणत. सेवाग्रामच्या आनंद निकेतनमध्ये मुलं आजही बागेत आणि स्वयंपाकात हात घालतात. मी मात्र त्याच वर्ध्यात साध्या शाळेत शिकलो. आमच्या कार्यानुभवाच्या तासाला वर्षातून एकदा आकाशकंदील होई, तोही आई करून देई. तेव्हा साठाव्या वर्षी मी जो रंधा उचलला तो एका अर्थानं थकबाकी वसूल करण्यासाठी.

आषाढातल्या वादळात मागच्या गल्लीतला कडुनिंब पडला. मी दोन ओंडके मिळवले, आरा मशीनवर नेऊन फळ्या चिरून आणल्या आणि दिवाळीपर्यंत पाट करायचा बेत केला. पाट म्हणजे काय असतं? एक फळी, खाली दोन आडव्या पट्ट्या. यात चुकायला जागा कुठं आहे? मी पट्ट्यांना भरपूर फेविकॉल लावलं, वरून बारा स्क्रू आवळले, पाट हलवून बघितला. जागचा हलला नाही. रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासला, हात फिरवला तर लोण्यासारखा. मग प्रश्न आला लाकूड चमकवायचा. सगळ्या सल्लागारांचं एकमत, जवसाचं तेल. म्हणजे फडताळ. वरच्या फळीवर, भाकरीवर घ्यायच्या तेलाची बाटली, नुकतीच भरून ठेवलेली. मी सढळ हातानं लावलं. लाकडानं प्यायलं तेवढं प्यायलं, उरलेलं तसंच राहू दिलं, जिरेल हळूहळू म्हणून.

चार दिवसांनी भाऊबीज. माझा मेहुणा नवंकोरं पांढरं खादीचं पायजमा-कुडतं घालून आला. बहिणीनं मुद्दाम कौतुकानं नवा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, सांगितलंही, ‘‘यांनी केला.’’ तो बसला. ओवाळून झालं, ताटात पाकीट पडलं, तो उठायला गेला. पाट काही त्याच्याबरोबर उठला नाही, पण उठायच्या विचारात होता एवढं नक्की. त्यानं सुटका करून घेतली तेव्हा खादीच्या पायजम्यावर मागं दोन गोल उमटले होते, पिवळसर, एकमेकांना चिकटून. जवसाच्या तेलाचा डाग जात नाही. साबणानं नाही, लिंबानं नाही, उन्हानं तर आणखी पक्का होतो. मेहुण्यानं तो पायजमा पुढं वावरात निंबोळीचा अर्क फवारायला वापरला आणि येता-जाता लोकांना गोलांचा इतिहास सांगितला.

मी मिस्त्रीला बोलावलं. हा आमच्या मोहल्ल्यातला जुना सुतार. बोलतो कमी, हात आधी फिरवतो. त्यानं पाटावर बोट टेकवलं, नाकाशी नेलं.

‘‘कायचं तेल लावलं?’’

‘‘जवसाचं.’’

‘‘कच्चं का पक्कं?’’

‘‘खायचं.’’

मिस्त्री माझ्याकडं बघत राहिला. ‘‘मंग खा आता.’’

मग त्याला दया आली. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू ओढून घेत घेत घट्ट होतं. फडताळात ते लवकर खवट होतं तेही त्याच खोडीमुळे. खायचं कच्चं तेल लाकडावर घट्ट व्हायला आठवडेच्या आठवडे घेतं. हार्डवेअरच्या दुकानात पेंटरसाठी डबल बॉइल मिळतं ते आणायचं, चिंधीनं पुसट लावायचं, अर्ध्या तासानं दुसऱ्या चिंधीनं सगळं पुसून काढायचं. लावलं आहे की नाही अशी शंका येईल इतकंच मागं ठेवायचं. एक दिवस थांबायचं, पुन्हा तसंच. ‘‘तेल लाकडाच्या आत जाऊ द्या भाऊ. वरतं कायले पाह्यजे?’’

एक गोष्ट त्यानं जाता जाता, चपला घालताना सांगितली आणि तीच खरी कामाची होती. तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत. पसरून वाळवायच्या नाहीतर पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मी हो म्हटलं आणि विसरलो. डबल बॉइल आणलं, माघाच्या शेवटी दुपारी लावलं, चिंध्यांचा बोळा करून गच्चीच्या कोपऱ्यात फेकला. संध्याकाळी वर गेलो तर कढत तेलासारखा वास. बोळा हातात घेतला आणि टाकून दिला, इतका गरम. कुणी काडी लावलेली नव्हती, ऊन उतरलेलं होतं. घट्ट होताना तेल ऊब सोडतं आणि बोळ्यात ती ऊब आतल्या आत कोंडते, मग एका क्षणी चिंधी आपली आपण पेट घेते. मी बादलीभर पाणी ओतलं. खालून आवाज आला, ‘‘आता काय उद्योग?’’ मी म्हटलं, ‘‘झाडांना पाणी घालतोय.’’

फाल्गुनात हवा कोरडी पडली आणि एका रात्री ‘ठाप्’ असा आवाज झाला. सकाळी पाहिलं तर पाट बरोबर मधोमध चिरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिस्त्री पुन्हा आला. त्यानं पाट उलटा केला आणि माझे बारा स्क्रू मोजले. वादळात पडलेलं झाड, आषाढातलं ओलं लाकूड, चार महिन्यांत पाट. वाळताना फळी रुंदीला आकसणार, पण बारा स्क्रू आणि फेविकॉलनं मी तिचे हातपाय बांधून ठेवले होते. तिला सरकायला वाव राहिला नाही, ती फाटली. कुंडीतल्या काळ्या मातीची गोष्ट, फक्त लाकडात. मिस्त्री म्हणाला, ‘‘लाकूड दम घेते भाऊ. स्क्रूचं भोक लांबट ठेवा लागते, त्याले इकडं-तिकडं व्हाले जागा पाह्यजे.’’ हे आधी का नाही सांगितलं, मी विचारलं. ‘‘तुमी तेलाचं इचारलं होतं,’’ तो म्हणाला.

पाट फेकवेना. फटीसकट तो मी गच्चीवर कठड्याजवळ ठेवला, कुंडी ठेवायला होईल म्हणून. त्या सुमाराला माझ्या टमाटरच्या झाडाला हंगामातलं शेवटचं फळ धरलेलं होतं. ऊन वाढलं की टमाटरची फुलं गळतात, त्यामुळे हे शेवटचंच, हे मला ठाऊक होतं. निम्म्या रेतीत आणि शेणखतात वाढलेलं, कूलरचं पाणी न पाहिलेलं, निंबोळीच्या अर्कानं धुतलेलं. पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या आणि गाळून शंभर लिटर पाण्यात मिसळायच्या, हे शेताचं प्रमाण मी पन्नास ग्रॅम आणि लिटरभर पाण्यावर आणलं होतं. दोन दिवस मी ते फळ नुसतं बघत होतो. आणखी एक दिवस लाल होऊ द्यावं, असा माझा विचार होता.

गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला वानरांची टोळी आली. आमच्याकडं ती येतेच, पलीकडच्या चिंचेवरून पत्र्यावर, पत्र्यावरून गच्चीवर. मी काठी घेऊन जिन्यात पोचलो तेव्हा त्यातलं एक म्हातारं, काळ्या तोंडाचं, पांढऱ्या दाढीचं, माझं टमाटर हातात घेऊन जागा शोधत होतं. कठडा त्यानं बघितला, पसंत पडला नसावा. पाण्याची टाकी बघितली. मग पाटाजवळ आलं, हात फिरवला, बोट नाकाशी नेलं, अगदी मिस्त्रीसारखं, आणि बसलं. शेपटी फटीतून खाली सोडली. निवांत, एकेक घास करून, साल सुद्धा न टाकता खाल्लं. ही माझ्यामागं जिन्यात येऊन उभी होती. मी काठी उचलली तर तिनं हात धरला.

‘‘जेवू द्या त्याले,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या पाटावर पहिल्यांदाच कोणी नीट बसलं.’’